अंगणातल्या गॅरेजात ऑइल चेंबर उतरवताना

खेड तालुक्यातल्या आमच्या गावात डांबरी रस्ता मशिदीपाशी संपतो. तिथून घरापर्यंत जांभ्याचा चढ. गेल्या मे महिन्यात अब्बांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चिपळूणला डॉक्टरांना दाखवून आणत होतो, तेव्हा याच चढावर गाडीखाली ‘धाड’ असा आवाज झाला आणि तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा पेटला. घर जेमतेम दोनशे पावलांवर होतं. आम्ही गाडी तशीच दामटणार होतो.

“बंद कर आधी. घर कुठे पळून जात नाही,” अब्बा म्हणाले.

इंजीन बंद केलं आणि शेजारच्यांच्या टेम्पोला दोर बांधून गाडी घरी आणली. मागे लाल मातीवर काळी रेघ उमटत होती. ऑइल चेंबर फुटला होता. इंजिनाच्या अगदी तळाशी असलेलं हे पत्र्याचं भांडं. इंजिनाचं सगळं तेल यात साठतं, आत बुडालेल्या जाळीतून पंप ते वर ओढतो आणि इंजीनभर फिरवतो.

आमची गाडी मारुती ८००. कंपनीने २०१४ साली ती बनवणं बंद केलं, पण कोकणातल्या वाड्यांमधून ती अजून धावते आहे. अब्बांना आठ दिवसांनी पुन्हा दाखवायचं होतं आणि ताज्या ऑपरेशनचा डोळा घेऊन एसटीच्या गर्दीत, धुळीत न्यायचं नव्हतं. लग्नसराई, मुंबईकर गावात आलेले; तालुक्याच्या मिस्त्रीने दहा दिवस थांबा म्हणून सांगितलं. तेव्हा आम्ही दोघा भावांनी घरीच चेंबर उतरवायचं ठरवलं.

आणि पहिलीच चूक अशी केली की आज लिहितानाही हात थांबतो. पंक्चर काढायच्या जॅकवर गाडीचं तोंड उचललं आणि आमच्यातला धाकटा पाना घेऊन खाली सरकला. तेवढ्यात चाचा आले. ते कुवेतला बरीच वर्षं गॅरेजमध्ये होते. काही न बोलता त्यांनी त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढला, मग बंपरला हात लावून गाडी जराशी हलवली. जॅक तिरका झाला आणि गाडी खाली आदळली. चाकं लावलेली होती म्हणून ती चाकांवर बसली, पण खाली माणसाची छाती मावेल एवढी जागा उरली नव्हती. अम्मी ओट्यावरून पाहत होत्या. त्या दिवशी काम बंद झालं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी दोन लोखंडी स्टँड आणवले. गाडी गॅरेजच्या सिमेंटच्या कोब्यावर घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. पुढून उचलून गाडीचा भार स्टँडवर सोडला आणि चाचांनी ती चारदा हलवून बघितली. मगच, “हां, जा आता.”

पुढचं काम तसं सोपं. उरलेलं तेल तळाचा बोल्ट काढून पसरट टबात सोडलं. क्लचखालची पत्र्याची प्लेट काढली. चेंबरच्या कडेने दहा नंबरच्या पान्याचे बोल्ट असतात. कोपऱ्यांतले चार सैल करून तसेच ठेवले आणि बाकीचे काढले, म्हणजे चेंबर तोंडावर पडत नाही. बोल्ट निघाले तरी तो जुन्या सिलिकॉनने चिकटलेलाच होता. इथे स्क्रूड्रायव्हर घुसवायचा मोह होतो. घुसवलात तर वरच्या इंजिनाच्या कडेला चरा पडतो आणि मग कितीही पॅकिंग करा, तेथून तेल झिरपत राहतं. आम्ही लाकडाच्या हातोडीने कडेकडेने ठोकलं. चेंबर सुटला आणि राहिलेलं वाटीभर तेल धाकट्याच्या बाहीत गेलं!

आत पाहिलं तेव्हा लाल दिव्याचा अर्थ कळला. दगडाने पत्रा आत दाबून थेट जाळीला टेकवला होता. तेल शिल्लक असूनही पंपाला ते ओढता येत नव्हतं. तेलाशिवाय इंजिनाच्या बेअरिंग किती लवकर घासतात हे चाचांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी गाळ बोटांवर घेऊन उन्हात धरला. चमकणारा कण दिसला असता तर चेंबर बदलून भागलं नसतं. एकही नव्हता. ती दोनशे पावलं गाडी चालवली नाही, हे त्याचं कारण. अब्बा खुर्चीत बसून ऐकत होते, बोलले काहीच नाहीत.

चेंबर नवाच आणला. जाळी रॉकेलमध्ये धुतली, जुनं सिलिकॉन खरवडलं, दोन्ही कडा कोरड्या पुसल्या. नवं सिलिकॉन बारीक धारेनेच लावायचं. जास्त झालं तर दाबून आत उतरतं, तुटतं आणि जाळीतच जाऊन बसतं. बोल्ट मधून टोकांकडे, आलटून पालटून आवळायचे. एवढ्या बारीक बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर जोर पुरतो. आमच्या हाताला जोर फार, म्हणून शेवटचा फेर चाचांनी मारला. रात्रभर सिलिकॉन सुकू दिलं आणि सकाळी डिपस्टिक पाहत पाहत नवं तेल भरलं. चावी फिरवली, दिवा क्षणभर राहिला आणि विझला.

सगळ्या गाड्यांना हे जमत नाही. काही गाड्यांत चेंबरखाली लोखंडी आडवा बीम येतो, इंजीन वर टांगल्याशिवाय तो निघत नाही. तशी गाडी असेल तर मिस्त्रीचे दहा दिवस पत्करावेत.

जुनं तेल बांधाला ओतायचा विचार धाकट्याचा होता. विहीर तिथून वीस पावलांवर! ते कॅनमध्ये भरून मिस्त्रीकडे पोचवलं. त्याच्याकडून वापरलेलं तेल नेणारे येतात. हात मात्र दोन दिवस काळेच राहिले. हातमोजे घालायला हवे होते, वापरलेलं तेल कातडीला वाईट.

त्या रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. फजरला उठून टॉर्च मारला तर कागद कोरा होता. ठरल्या दिवशी अब्बा पुढच्या सीटवर बसून चिपळूणला गेले. चढावरचा तो दगड आम्ही पहारीने उकरून काढला. आता तो मागच्या चाकाला लावायला गॅरेजात असतो.