व्हिक्टिम क्रमांक २४ : एका नावाला ४१ वर्षं का लागली?

५ ऑगस्ट १९७६. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून, सेंट पॉल शहरातून घर सोडून गेलेल्या सोळा वर्षांच्या जिमी हाकेनसनने आईला फोन केला आणि आपण शिकागोत आहोत असं सांगितलं. त्यानंतर घरच्यांना त्याचा फोन कधीच आला नाही. शिकागोच्या कुक काउंटीचे शेरीफ टॉम डार्ट यांनी त्याचं नाव जाहीर केलं ते थेट जुलै २०१७ मध्ये. मधल्या काळात त्याचे अवशेष 'व्हिक्टिम क्रमांक २४' या नोंदीखाली पडून होते.

खुनी होता जॉन वेन गेसी. डिसेंबर १९७८ मध्ये तो पकडला गेला. एकूण ३३ तरुण आणि मुलगे. त्यातले २६ जण त्याच्या घराच्या फरशीखालच्या बुटक्या पोकळीत पुरलेले. १९९४ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. गेसीवर वाचायला इंटरनेटवर ढीगभर आहे, त्यामुळे त्याला इथेच सोडू. संशोधनाच्या दृष्टीने मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की अवशेष हातात होते, आईला संशयही आला होता, तरी उत्तर का मिळालं नाही?

कारण जिमीच्या आईने १९७९ मध्येच चौकशी केली होती. तेव्हा ओळख पटवायची मुख्य पद्धत म्हणजे दात आणि जुने एक्स-रे. सापडलेल्या जबड्यातल्या फिलिंग, पडलेले दात, दातांची ठेवण हे सगळं डेंटिस्टकडच्या नोंदींशी जुळवायचं. पद्धत उत्तम आहे, आजही वापरतात. पण तिला दोन बाजू लागतात, आणि जिमीच्या दातांच्या नोंदीच उपलब्ध नव्हत्या. म्हणजे जबडा आहे, पण त्याची तुलना करायची कशाशी? दुसऱ्या एका एकोणीस वर्षांच्या बळीच्या बाबतीत तर डेंटिस्टने निवृत्त होताना नोंदी नष्ट केल्या होत्या. त्याची ओळख २०११ मध्ये पटली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढे रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात वेगळ्या शब्दांत भेटेलच. १९७९ मध्ये आईला मिळालेलं उत्तर 'तो यांच्यात नाही' असं नव्हतं. ते 'सांगता येत नाही' असं होतं. ही दोन उत्तरं पूर्ण वेगळी आहेत. फायलीत मात्र दोन्ही सारखीच दिसतात: जुळणी नाही.

कवट्यांवरून चेहरे घडवण्याचा प्रयत्नही झाला. फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजिस्ट क्लाइड स्नो आणि शिल्पकार बेटी पॅट गॅटलिफ यांनी १९८० च्या सुमारास ओळख न पटलेल्यांवर काम केलं. हाडावरून मांसल भागाची जाडी अंदाजता येते. नाकाचं टोक, कान, केस हे बरंचसं कल्पनेवर. असा चेहरा कुणाची तरी आठवण जागी करू शकतो, पण पुरावा होऊ शकत नाही. जिमीला त्यातून नाव मिळालं नाही.

डीएनए फिंगरप्रिंटिंग तेव्हा नव्हतंच. अ‍ॅलेक जेफ्रीज यांचा शोध १९८४ चा. पण एक काम चांगलं झालं होतं. ओळख न पटलेल्यांचे जबडे पुढच्या तुलनेसाठी वेगळे ठेवले होते. ते नंतर पुरले गेले, आणि २०११ मध्ये डार्ट यांनी उरलेल्या आठ जणांची प्रकरणं उघडली तेव्हा पुन्हा उकरून काढले. दाताच्या कठीण आवरणाआड डीएनए बराच टिकतो. म्हणजे दातांच्या आकारासाठी जपलेला नमुना तीस वर्षांनी रेणूंसाठी उपयोगी पडला. नमुने फेकायची घाई असलेल्यांनी हे प्रिंट काढून फ्रीजरवर चिकटवावं!

आता आठ प्रोफाइल तयार झाले. तरी गाडं पुन्हा तिथेच अडलं, कारण दुसरी बाजू अजून कोरीच होती. डेटाबेसमध्ये नातेवाइकांचा डीएनए असल्याशिवाय प्रोफाइल म्हणजे नुसते आकडे. म्हणून शेरीफ कार्यालयाने आवाहन केलं की सत्तरच्या दशकात तुमचा मुलगा किंवा भाऊ बेपत्ता झाला असेल तर नमुना द्या. जिमीच्या पुतण्या-भाच्यांच्या पिढीतल्या एकाला हे इंटरनेटवर सापडलं. मग जिमीच्या एका भावाने आणि बहिणीने नमुने दिले, आणि जुळणी झाली.

भावंडांवरून ओळख पटवणं दिसतं तितकं सोपं नसतं. आपल्या प्रत्येक जनुकीय जागेवर दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यामुळे आई आणि मूल यांच्यात प्रत्येक जागी किमान एक प्रत समान असायलाच हवी (क्वचित म्युटेशन सोडलं तर). सख्ख्या भावंडांत तसं बंधन नाही. एखाद्या जागी दोन्ही प्रती सारख्या आल्या असण्याची शक्यता २५ टक्के, एक सारखी असण्याची ५० टक्के, एकही नसण्याची २५ टक्के. म्हणजे एखाद्या जागी काहीच जुळलं नाही म्हणून नातं नाही असं म्हणता येत नाही, आणि थोडंफार जुळलं म्हणून आहे असंही नाही. म्हणून लाइकलीहूड रेशो काढतात: हे दोघं भावंडं असतील तर असा निकाल दिसण्याची शक्यता, भागिले ते परके असतील तर दिसण्याची शक्यता. दोन भावंडं मिळाली की आईवडिलांच्या मूळ चार प्रतींपैकी जास्त प्रती नजरेस पडतात आणि हा आकडा बळकट होतो. मायटोकॉन्ड्रियल डीएनएची मदत होते, तो एकाच आईच्या सगळ्या मुलांत सारखा असतो आणि पेशीत त्याच्या शेकडो प्रती असल्यामुळे जुन्या हाडांतही मिळतो. पण तोच डीएनए मावशीच्या मुलांतही असतो; नातं नाकारायला तो भक्कम, सिद्ध करायला एकटा अपुरा.

सगळ्यात थेट तुलना आईच्या नमुन्याशी झाली असती. ती त्याआधी दहाहून अधिक वर्षं वारली होती.

या शोधमोहिमेत एक विलक्षण निकालही लागला. गेसीनेच मारलं असावं असं ज्याच्या घरच्यांना वाटत होतं, असा एक माणूस २०११ मध्ये फ्लोरिडात जिवंत सापडला.

२०२१ मध्ये आणखी एकाची ओळख पटली, पण वेगळ्या वाटेने. तिथे जवळच्या नातेवाइकाने आधी पुढे येण्याची वाट पाहिली नाही. लाखो जागांवरच्या फरकांवरून दूरचे चुलत नातेवाईक शोधले आणि तिथून वंशावळ उलगडत नावापर्यंत पोहोचले. अशी पद्धत असूनही आठपैकी पाच जणांना अजून नाव नाही.