टाकलेले कुत्रे माणसाळते कसे?

मंडळी, कुत्र्याशी बोलायचे दोन शब्द आपल्या खेड्यात लहान पोरालाही येतात. एक 'हाड!' आणि दुसरा 'यू, यू!' ज्याच्या वाट्याला नुसते 'हाड' आले, ते कुत्रे माणसाला भिते. आणि भ्यालेले कुत्रे कोंडीत सापडले की चावते. म्हणून टाकलेल्या कुत्र्याला माया लावणे ही भाबडेपणाची गोष्ट नव्हे. तिच्यात आपल्या मुलाबाळांचेही हित आहे.

कुत्री टाकली जातात ती कशी? घरची कुत्री विते, चार-सहा पिले होतात. त्यातला एखादा कुत्रा राखणीला ठेवतात. उरलेली पिले, त्यातही माद्या, पोत्यात घालून ओढ्यापलीकडे नाहीतर बाजारतळावर सोडून येतात. "जगतील कुठंतरी," असे सोडणारा म्हणतो. पण पिलाचे डोळे उघडायलाच सुमारे दोन आठवडे लागतात, आणि आठ आठवडे होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नये. त्याआधी टाकलेले पिलू भुकेने किंवा गारठ्याने सहज दगावते. उपाशी राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे.

जगलेल्या पिलाचे पुढे काय होते? तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याचे मन घडत असते. या दिवसांत ज्यांचा चांगला अनुभव येतो, त्यांना ते पुढे बिचकत नाही. त्या वयात माणसाच्या हातून दगडच मिळाले, तर ती भीती मनात घर करते. ती मोठेपणीही घालवता येते, पण वेळ लागतो.

ती घालवायची रीत सोपी आहे. कुत्र्याच्या अंगावर चालून जाऊ नये, डोळ्याला डोळा लावू नये. त्याला पळायला वाट मोकळी ठेवून अंतरावर तिरपे बसावे. रोज एकाच वेळी, एकाच माणसाने, एकच हाक मारून भाकरी टाकावी आणि उठून जावे. काही दिवसांनी अंतर कमी करावे. हात डोक्यावरून नेऊ नये. खाली धरावा आणि त्यालाच येऊन हुंगू द्यावे. शेपूट पायात, कान मागे, गुरगुर असली तर अजून वेळ आहे असे समजावे. हे काम मोठ्या माणसाचे, मुलांचे नव्हे.

तान्हे पिलू सापडले तर आधी आसपास आई आहे का ते पाहावे. नसेल आणि पिलू गार पडलेले असेल, तर आधी ऊब द्यावी, मग दूध. कोमट पाण्याची बाटली जुन्या धोतरात गुंडाळून शेजारी ठेवावी. पाजताना पिलाला पोटावर धरावे. उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाण्याची भीती असते.

आपल्याकडे संत नामदेवांची गोष्ट सांगतात. कुत्र्याने त्यांची भाकरी पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी कशी खाशील म्हणून. आपली दया पुष्कळदा कोरड्या भाकरीवरच थांबते. आजच्या काळात तुपाची वाटी म्हणजे लस आणि नसबंदी.

पिलू तीन महिन्यांचे झाले की त्याला पशुवैद्यकाकडून रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढेही त्यांच्या सांगण्याप्रमाणे टोचत राहावी. गावातल्या शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर हा रोग पसरायला वाट उरत नाही. गोव्यात २०१३-१४ पासून कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकवले, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. काठीने जे साधले नसते, ते लसीने साधले.

नसबंदीही तितकीच गरजेची. कुत्री अवघ्या नऊ आठवड्यांत विते. ती पुन्हा व्याली की पुन्हा पोते आणि पुन्हा ओढा! २०२३ च्या प्राणी-जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे हे काम ग्रामपंचायतीच्याही कक्षेत येते. तेव्हा ग्रामसभेत हा विषय जरूर काढा.

गुरुजी आणि बाई, आपल्याला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडला, तरी मुलाने घरी लपवू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काही भरू नये. आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. पण वेळेवर लस घेतली तर रोग टळतो. दुसरी, मुलांनी उचलून आणलेले पिलू शाळेच्या आवारात पोसू नये. शाळा, दवाखाने, बसस्थानके येथील कुत्री निवाऱ्यात हलवावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५ चा आदेश आहे. एखाद्या घराने त्याला पत्करावे.

मात्र पिलू आणणाऱ्या पोराला रागावू नका. प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे राज्यघटनेने नागरिकाचे मूलभूत कर्तव्यच सांगितले आहे. त्या पोराला ते न शिकवता कळले आहे. त्याच्या घरी निरोप धाडा, आणि पिलाला लस केव्हा टोचायची ती तारीख त्याच्याच वहीत लिहून द्या.