गाडी मिसिंग मारून राह्यली!

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे झाले आणि पांढुर्णा हा नवा जिल्हा तयार झाला. जिल्हा मध्य प्रदेशाचा, पण घरातली बोली वऱ्हाडी, बाजाराची ओढ नागपूरकडे आणि शेतात संत्रा. इथले बरेच बगीचे डांबरी रस्त्यापासून आत आहेत. मध्ये नाला लागतो, मग मुरमाचा चढ. त्यामुळे जुनी फोर व्हील डिझेल जीप ही इथे हौसेची वस्तू नाही. संत्र्याचे कॅरेट, खताची पोती आणि वेळप्रसंगी आजारी माणूस, सगळं तीच वाहते.

आमच्या मोठेबाबांची अशीच एक जीप आहे. मागच्या आंबिया बहाराच्या तोडणीत ती चढावर झटके देऊ लागली. सकाळी उशिरा स्टार्ट व्हायची, पांढरा धूर सोडायची. सपाट रस्त्यावर बरी चालायची, पण बगीच्याच्या चढावर दम तोडायची. एका मेकॅनिकने निकाल दिला, "इंजिन बसलं. पूर्ण काम करा लागते." मोठेबाबांनी मला फोन केला. "बाबू, संत्र्याचा पैसा इंजिनात घालू का औषधात?" मोठ्या आईचे उपचार नागपूरला सुरू होते. प्रश्न खरा होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. इंजिन उघडणं हे माझं काम नाही, पण दोष शोधणं हे रोजचंच काम. त्यात एक नियम पाळावा लागतो. महागडा उपाय करण्याआधी दोष कोणत्या भागात नाही, हे स्वस्तात सिद्ध करायचं.

आधी डिझेल इंजिन कसं चालतं ते थोडक्यात पाहू. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत यशस्वीपणे चाललं. त्याचं तत्त्व आजही तेच आहे. पेट्रोल इंजिनासारखा ठिणगी देणारा स्पार्क प्लग त्यात नसतो. जुन्या जीपच्या इंजिनात हवा साधारण विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते आणि ती ५०० अंश सेल्सियसच्या वर तापते. त्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. म्हणजे तीन गोष्टी जुळाव्या लागतात: हवेचा पुरेसा दाब, डिझेलचा नीट फवारा आणि अचूक वेळ. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साडेबारा वेळा पेटतो. यातला एखादा ठोका चुकला की आपण म्हणतो, गाडी मिसिंग मारते.

पहिला प्रश्न असा की मिसिंग एकाच सिलिंडरमध्ये आहे का? एकच सिलिंडर मरत असेल तर झटका ठरावीक तालात येतो. तेव्हा संशय नोझल, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशनवर जातो. झटके बेताल येत असतील, तर सगळ्या सिलिंडरला सामाईक असलेल्या गोष्टी आधी पाहाव्यात: टाकी, पाइप, फिल्टर, पंप.

याची जुनी परीक्षा प्रत्येक अनुभवी मेकॅनिकला येते. इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करायचा. इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. आवाज बदललाच नाही तर दोष तिथेच. आमच्या जीपला ओळखीच्या दुसऱ्या मेकॅनिककडून ही परीक्षा करून घेतली. चारही वेळा आवाज सारखाच पडला. म्हणजे चारही सिलिंडर जवळपास सारखं काम करत होते आणि पूर्ण इंजिन उघडण्याला कारण उरलं नाही.

आता उरला इंधनाचा मार्ग. तो अर्ध्यात तोडून पाहिला. टाकीकडून येणारा पाइप काढला आणि स्वच्छ डिझेलचा छोटा डबा इंजिनाशेजारी, गरम सायलेन्सरपासून लांब, पक्का बांधला. फीड पंपाचा पाइप आणि रिटर्नचा पाइप दोन्ही त्या डब्यात सोडले. हॅन्ड प्रायमर मारून हवा काढली आणि जीप त्याच चढावर नेली. एकही झटका आला नाही. पंप, फिल्टर, नोझल, इंजिन सगळे निर्दोष ठरले. दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये होता.

तिथे चेसिसला घासून एका रबरी पाइपला क्लिपखाली बारीक चीर गेली होती. खाली डिझेलचा थेंबही नव्हता, म्हणून ती कोणाला दिसली नाही. हा पाइप ओढणाऱ्या बाजूचा आहे. चिरेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. डिझेल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. पंपाचा जोर बुडबुडा दाबण्यात वाया जातो, नोझल नीट उघडत नाही आणि ठोका चुकतो. आपल्याकडे म्हणतात तसं, गाडीने एअर घेतली. टाकी मागे असल्यामुळे चढावर डिझेल अधिक उंच ओढावं लागतं, तेव्हा हवाही जास्त शिरते. रात्रभर उभ्या गाडीत त्याच चिरेमुळे डिझेल मागे उतरतं, म्हणून सकाळी स्टार्टिंगचा त्रास. सगळ्या लक्षणांचं उत्तर एकाच चिरेत होतं. नवा पाइप आणि दोन क्लिपा यांवर काम भागलं. तोडणी थांबली नाही आणि संत्र्याचा पैसा औषधाकडेच गेला.

ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी किंवा ट्रॅक्टर आहे, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं:

धुराचा रंग बघा. पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेलं डिझेल किंवा आत शिरलेलं पाणी, काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, निळसर म्हणजे ऑइल जळतंय.

डिझेल ड्रममध्ये साठवत असाल तर तळाचं डिझेल गाडीत घालू नका. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं. पावसाळ्यात फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सोडून ते काढत चला.

फवाऱ्याखाली हात कधीच धरू नका. नोझल हवेच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट दाबाला उघडतं. ती धार कातडी भेदून आत जाते आणि जखम छोटी दिसली तरी तातडीने डॉक्टरांकडे जावं लागतं.

नव्या कॉमन रेल इंजिनात दाब याच्याही कित्येक पट असतो. तिथे नट सैल करण्याची परीक्षा करूच नका. स्कॅनर लावूनच दोष बघा.

आणि कोणी "इंजिन बसलं" म्हणालं, तर शांतपणे विचारा, "कोणत्या सिलिंडरचं, आणि कशावरून?" चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही. तो पाना घेऊन दाखवतो.