‘बिनटाक्याचं सिझर’ म्हणजे काय? पोटावरची जखम चिकटवली तर ती उघडणार नाही ना?

सिझर झालेल्या बाईला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो, “टाके कधी काढणार?” हल्ली त्यावर एक नवं उत्तर ऐकू येतं, “काढायचेच नाहीत, ग्लू लावलाय.” मग घरातल्या मोठ्या बायकांच्या पोटात गोळा येतो. चिकटवलंय म्हणजे? बाळंतीण खोकली, शिंकली, बाळाला घ्यायला वाकली आणि जखम उघडली तर?

दुसरीकडे ‘बिनटाक्याचं सिझर, डागही राहणार नाही’ असं सांगणारी रील्स आहेत. ती बघून अनेक जणी जास्त पैसे भरून ग्लू मागतात.

भारतात हा प्रश्न थोडक्या बायकांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९ ते २१ या काळात देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. खासगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७.४ टक्के होतं. त्यामुळे ग्लू की टाके, हे नीट समजून घेतलेलं बरं.

आतून टाके असतातच

सिझर करताना त्वचा, त्याखालची चरबी, मग स्नायूंवरचं मजबूत आवरण, पोटाचं आतलं अस्तर आणि शेवटी गर्भाशय, असे एकेक थर उघडले जातात. पोटाचे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात.

बाळ बाहेर आलं की गर्भाशय आणि स्नायूंवरचं आवरण टाके घालूनच शिवलं जातं. हे टाके आतल्या आत विरघळतात. खोकताना किंवा वाकताना पोटावर येणारा ताण प्रामुख्याने हे आवरण पेलतं. ग्लू की टाके हा प्रश्न येतो तो फक्त सगळ्यात वरच्या थराचा, म्हणजे त्वचेचा.

थोडक्यात, एकही टाका नसलेलं सिझर नसतंच. ‘बिनटाक्याचं’ म्हणजे फक्त ‘वरून टाके न दिसणारं’.

हा ग्लू म्हणजे फेविक्विकच का?

दोघांचं घराणं एक, सायनोअॅक्रिलेट. अमेरिकेत १९४२ मध्ये हॅरी कूव्हर हे रसायनतज्ज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हा पदार्थ त्यांच्या हाती लागला. तो प्रत्येक गोष्टीला चिकटत होता, म्हणून आधी बाजूला टाकला गेला. पुढे व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबवायला त्याचा फवारा वापरला गेला. त्वचेसाठी बनवलेल्या त्याच्या सुधारित प्रकाराला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली.

घरातला झटपट गोंद घट्ट होताना गरम होतो, कडक होऊन तडकतो आणि पेशींना इजा करतो. दवाखान्यातला ग्लू निर्जंतुक आणि लवचिक असतो. तो जखमेच्या आत भरत नाहीत. कडा जुळवून वरून लावतात. त्वचेवरच्या ओलाव्याने तो मिनिटाभरात सुकतो आणि साधारण ५ ते १० दिवसांत आपोआप सुटून पडतो.

टाक्यांचेही प्रकार आहेत

एक म्हणजे नायलॉनचे टाके, जे नंतर काढावे लागतात. दुसरे त्वचेच्या आतून घातलेले विरघळणारे टाके. हे वरून फारसे दिसत नाहीत आणि काढावेही लागत नाहीत. तिसरा प्रकार धातूच्या स्टेपलचा. म्हणजे ‘टाके काढायची कटकट नको’ एवढाच मुद्दा असेल, तर त्यासाठी ग्लूच हवा असं नाही.

अभ्यास काय सांगतात?

इस्राएलमध्ये १०४ बायकांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सिझरनंतर निम्म्या जणींना ग्लू, निम्म्या जणींना आतून टाके. आठ आठवड्यांनी व्रण तपासला, तर दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. ‘ग्लूने डाग राहत नाही’ या दाव्याला इथेच धक्का बसतो.

२०१४ मध्ये वेगवेगळ्या शस्त्रक्रियांचे ३३ अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात ग्लू लावलेल्या जखमेच्या कडा टाक्यांपेक्षा थोड्या जास्त वेळा सुटलेल्या आढळल्या, साधारण ४३ जणांमागे एक जादा.

स्टेपलबाबत चित्र जास्त स्पष्ट आहे. अमेरिकेत ७४६ बायकांवर झालेल्या अभ्यासात स्टेपल लावलेल्या १०.६ टक्के जणींना जखमेचा त्रास झाला, टाके घातलेल्यांपैकी ४.९ टक्के जणींना.

मग निवडायचं काय?

ग्लू लवकर लावून होतो, त्वचेला सुई लागत नाही आणि वरून एक पातळ कवच मिळतं. पण खर्च वाढतो. काही जणींना त्याची अॅलर्जी येऊन खाज आणि पुरळ उठतं. नकली नखं किंवा पापण्या चिकटवल्यावर पूर्वी असं झालं असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

जखम कशी भरेल, हे ग्लूपेक्षा इतर गोष्टींवर जास्त ठरतं. मधुमेह, लठ्ठपणा, रक्ताची कमतरता, चीर देण्याआधी दिलेलं अँटिबायोटिक आणि स्वच्छता. व्रण जाड होणं हे बरंचसं त्वचेच्या प्रकृतीवर असतं. त्यामुळे ग्लू परवडला नाही, म्हणून बाळंतिणीची काळजी घेण्यात काही कमी पडलं असं अजिबात नाही.

घरी आल्यावर

- ग्लूवर तेल, तूप, हळद किंवा मलम लावू नका. त्याने ग्लू सैल होतो. बाळंतिणीचं मालीश करताना जखमेची जागा सोडा.
- डॉक्टरांनी सांगितल्यावर अंगावरून पाणी घेता येतं. जखम घासू नका, अलगद टिपून कोरडी करा.
- खपलीसारखा सुटत आलेला ग्लू ओढून काढू नका.
- खोकताना, शिंकताना पोटाला उशीचा आधार द्या.

ताप, पसरत जाणारा लालसरपणा, पू, दुर्गंधी, वाढत जाणारं दुखणं किंवा उघडलेली कड, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, मग वरून ग्लू असो की टाके.