झाली का मोटर?

मार्च संपता संपता मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. दाराशी पाणबुडी मोटरी आडव्या पडलेल्या असतात, प्रत्येकीवर ऑइलपेंटने मालकाचं नाव आणि गाव. आत वाइंडर तांब्याची तार खाचेत बसवत असतो. हात वार्निशने चिकट. टेबलावरचा फोन थरथरत थरथरत कडेकडे सरकत असतो. तो उचलावा तर टर्न मोजायचे चुकतात, सोडावा तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं.

त्यात शेतीपंपांची थ्री-फेज वीज बऱ्याच ठिकाणी ठरावीक तासांनाच असते, कधी दिवसा, कधी रात्री, आळीपाळीने. मोटर जळाल्याचं कळतं ते लाईट आल्यावर. त्यामुळे फोनही अर्धा दिवस गप्प राहतो आणि मग दहा मिनिटांत त्याची रांग लागते.

अशा दुकानदाराला ‘तुमचे कॉल आम्ही घेतो’ म्हणणाऱ्या कंपन्या आता पुष्कळ भेटतात. त्यांच्या विक्रेत्याला भेटण्याआधी करण्याजोगी एक गोष्ट फुकट आहे: आठवडाभर एका वहीत प्रत्येक फोनची वेळ आणि कारण लिहायचं. वही भरली की दुकानदाराला बहुधा दिसतं, की नव्या कामाचे फोन थोडे आणि ‘झाली का मोटर?’ हेच विचारणारे फार. त्या प्रश्नाला माणूसही नको आणि यंत्रही नको. मोटर टेस्टिंगला लावली की एक व्हॉट्सॲप, भरून झाली की दुसरा, सोबत बिलाचा आकडा. एवढ्याने फोनची निम्मी कटकट आपोआप मिटू शकते. उरलेल्या फोनांसाठी सेवा निवडायची.

सगळ्यात साधा उपाय हातातल्या फोनमध्येच असतो. कॉल फॉरवर्डिंग तीन प्रसंगी वेगवेगळं लावता येतं: फोन व्यग्र असताना, उचलला नाही तेव्हा आणि रेंजबाहेर असताना. काउंटरवर बसणारा पुतण्या किंवा घरी असलेली बहीण हे काम सांभाळू शकते. मात्र कुणी अनोळखी माणूस फोनवर ‘हा कोड दाबा’ म्हणाला तर दाबू नये. *401# या कोडने फॉरवर्डिंग लावून घेऊन लोकांचे ओटीपी पळवले जात होते, म्हणून दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून ती सोय थांबवायला लावली. फॉरवर्डिंग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः लावावं.

पुढची पायरी म्हणजे आभासी नंबर. गिऱ्हाईक त्यावर फोन करतं, कंपनीचा सर्व्हर तो घेतो आणि दुकानातल्या दोन-तीन फोनांवर पाठवतो. सुटलेल्या प्रत्येक कॉलची नोंद राहते. बंगळुरूची एक्झोटेल, हैदराबादची ओझोनटेल या धंद्यातली ओळखीची नावं आहेत. आपल्याकडे मिस्ड कॉल हीच एक भाषा आहे, तिच्यावर कंपन्याही उभ्या राहिल्या. 2010 मध्ये बंगळुरूत सुरू झालेली झिपडायल पुढे 2015 मध्ये ट्विटरने विकत घेतली. गिऱ्हाइकाने मिस्ड कॉल द्यायचा आणि दुकानाने उलटा फोन करायचा, ही व्यवस्था वर्कशॉपला चांगली मानवते, कारण हात पुसायला वेळ मिळतो.

‘मराठीसाठी एक दाबा’ असं बोलणारा आयव्हीआर घ्यायचा असेल, तर पर्याय दोनच्या पुढे नेऊ नयेत. शेतात उन्हात उभा असलेला माणूस पाचवा पर्याय येईपर्यंत थांबत नाही. तो फोन ठेवतो, आणि नोंदीत मात्र कॉल ‘घेतला’ म्हणून दिसतो.

माणसाने उत्तर द्यावं असं वाटत असेल तर तोही मार्ग आता सोपा झाला आहे. केंद्राने नोव्हेंबर 2020 मध्ये कॉल सेंटरांसाठीची नोंदणीची आणि बँक हमीची अट काढून टाकली, घरून काम करायलाही वाट मोकळी केली. त्यामुळे साताऱ्यातल्या घरात बसून एखादी बाई चार दुकानांचे फोन घेऊ शकते. तिची परीक्षा एकाच प्रश्नावर होते. ‘मोटर ट्रिप मारतेय’ म्हटल्यावर तिने विचारायला हवं, ‘किती एचपीची? तिन्ही फेज येतायत का?’ नुसतं ‘तुमची तक्रार नोंदवली आहे’ ऐकायला शेतकरी फोन करत नाही. बोलणाऱ्या एआय यंत्रालाही हीच कसोटी लावावी. दुकानाच्या शांततेत घेतलेल्या चाचणीवर भरवसा ठेवू नये. एसटी स्टँडवरून गावाकडच्या मामाला फोन करायला लावावा, म्हणजे यंत्राला किती मराठी येतं ते कळतं.

दरपत्रकात मोठ्या आकड्याखालची बारीक अक्षरं वाचावीत. गिऱ्हाइकाचा कॉल सर्व्हरवर येतो आणि सर्व्हरवरून दुकानात दुसरा कॉल जातो, त्या दुसऱ्याची मिनिटं मोजली जातात का? पल्स किती सेकंदांची? साठ सेकंदांची असेल तर 62 सेकंदांचं बोलणं दोन मिनिटांचं होतं, आणि ‘झाली का, उद्या या’ हे संभाषण नेमकं तेवढंच लांबतं. 1800 चा टोल फ्री नंबर दिसतो रुबाबदार, पण फोन करणाऱ्याचा खर्च दुकानावर पडतो. हातात अमर्याद कॉलचा पॅक असलेल्या गिऱ्हाइकाला त्याचं विशेष अप्रूपही नाही. शिवाय पॅकचा अंदाज पावसाळ्यातल्या बिलावरून बांधू नये. विहिरी भरलेल्या असतात तेव्हा मोटरवाल्याकडे फिरकतं कोण?

शेवटी नंबराची मालकी. आभासी नंबर पुष्कळदा कंपनीच्या नावावर असतो. सेवा सोडली तर तो आपल्याकडे राहणार का, हे करारात लिहून घ्यावं. त्याहून बरं म्हणजे जुना मोबाइल नंबर चालू ठेवून तोच नव्या सेवेकडे फॉरवर्ड करणं. कारण तो नंबर नुसता व्हिजिटिंग कार्डावर नसतो. सात वर्षांपूर्वी भरलेल्या मोटरीच्या स्टार्टर पेटीत, झाकणाच्या आतल्या बाजूला, दुकानाचं स्टिकर अजून चिकटलेलं असतं. रात्री दीडला लाईट येते, मोटर नुसतीच गुणगुणते, आणि शेतकरी बॅटरीच्या उजेडात ते झाकण उघडतो.