खिम्याचे कबाब का सुटतात?



मागच्या महिन्यात आपल्या एका गटाला हळदीच्या कार्यक्रमासाठी चिकन कबाबची ऑर्डर मिळाली. अंतर्गत कर्ज काढून ताईंनी पाच किलो खिमा आणला. पण कढईत टाकले की कबाब सुटायला लागले! मग बेसन वाढवलं, अंडी फोडली. कबाब टिकले, पण "नुसतं पीठ लागतंय" म्हणून पैसे कापले गेले. मी तिथेच होते, पण कारण मलाही सांगता आलं नाही. नंतर वाचून काढलं, करून पाहिलं, ते इथे लिहिते.

खिमा बांधणारा डिंक मांसातच असतो. मांसात साधारण पाऊण भाग पाणी आणि पाचवा हिस्सा प्रथिनं असतात. त्यातलं बांधायचं काम मुख्यतः मायोसिन नावाचं प्रथिन करतं. कोंबडी, बोकड, डुक्कर, सगळ्यांच्या मांसात ते असतं. पण ते मांसाच्या धाग्यांत अडकलेलं असतं, साध्या पाण्यात सुटत नाही. मीठ लावून मळलं की बाहेर येतं, म्हणून खिमा हाताला चिकटतो. मग आच लागली की ते एकमेकांत गुंततं आणि त्याचं जाळं होतं. पाणी आणि चरबी त्या जाळ्यात अडकून राहते. पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं आणि तापवलं की पुन्हा पातळ होतं. हे जाळं तसं नाही. उकडलेल्या अंड्यासारखं एकदा घट्ट झालं की झालं.

आपलं चुकलं कुठे? खिमा मांडवात गरमीत ठेवला होता, कांदा-लिंबू आधी घातलं आणि मीठ शेवटी.

तर असं करा:

1. मीठ आधी. एक किलो खिम्याला 15 ते 18 ग्रॅम, काट्यावर मोजून.
2. खिमा गारच हवा. भांडं बर्फावर ठेवून मळा. गरमीत चरबी वितळते आणि पकड जाते.
3. चिकट होईपर्यंत मळा. छोटा गोळा तळहातावर दाबून हात उलटा करा. पडला नाही तर खिमा तयार.
4. कांदा घट्ट पिळून शेवटी घाला. लिंबू तळल्यावर पिळा. कच्ची पपई नको, ती प्रथिनं तोडते.
5. आच मध्यम ठेवा. फार तापलं तर जाळं आवळतं, पाणी बाहेर पडतं आणि कबाब कोरडे होतात. पण आतपर्यंत शिजलेच पाहिजेत, कच्चं चिकन द्यायचं नाही.

परवा त्याच ताईंसोबत अर्धा किलोचे करून बघितले. बेसन अजिबात घातलं नाही, तरी एकही सुटला नाही. तेव्हा कर्ज काढून पाच किलो आणण्याआधी पावशेर करून बघा, आणि कसे झाले ते पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत नक्की सांगा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक