निदानानंतरची रात्र

स्तनांच्या कर्करोगाचे निदान दिवसा होते. परंतु ते मनाला खऱ्या अर्थाने कळते रात्री. घरातील सारे निजलेले असतात आणि अंथरुणावर एकच प्रश्न जागा असतो : आता पुढे काय? ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण अशाच एखाद्या रात्री सुचली असावी.

वडिवळ्याच्या एका पासष्टीच्या आजींना बायप्सीचा अहवाल समजावून सांगताना मी घाईने म्हणाले, “काळजी करू नका.” त्यांनी मान डोलावली. पुढच्या दोन भेटींत त्या जवळजवळ बोलल्याच नाहीत. अखेर सून म्हणाली, “डॉक्टर, आई रात्रभर जाग्याच असतात.” माझ्या शब्दांनी त्यांची भीती गेली नव्हती; ती बोलून दाखवण्याची वाट मात्र बंद झाली होती.

म्हणून आधी हे सांगते : भीती वाटणे हा दुबळेपणा नव्हे. वाईट विचार मनात आल्याने गाठ वाढत नाही. सदैव हसतमुख राहण्याचे ओझेही रुग्णाने वाहू नये.

आजींच्या नातीने शाळेच्या वहीत त्यांचे प्रश्न लिहून घेतले. आम्ही त्यांचे तीन भाग केले. ‘केमोथेरपी किती वेळा?’ हा प्रश्न डॉक्टरांसाठी. ‘माझ्यामागे म्हैस कोण पाहील?’ हा घरासाठी. आणि ‘मलाच का?’ हा उत्तर नसलेला. कामशेतहून लोकलने लोणावळा, तेथून दादर आणि मग परळचे टाटा रुग्णालय, या प्रवासात ती वही त्यांच्या पिशवीत होती. म्हशीचा प्रश्न मुलाने त्याच संध्याकाळी सोडवला.

चिंतेसाठी दिवसातील वीस मिनिटे राखून ठेवावीत, दुपारी, उजेडात. रात्री विचार आला, तर ‘उद्या दुपारी पाहू’ असे त्याला सांगावे. श्वास सावकाश घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा. झेपेल तेवढे चालावे.

झोप न येण्यास शारीरिक कारणेही असतात. केमोथेरपीसोबत दिली जाणारी स्टिरॉइड्स झोप उडवतात. रक्तक्षय व थायरॉईडच्या विकारांत छाती धडधडते. हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. वृद्धांमध्ये तिने तोल जाऊन हाड मोडण्याचा धोका असतो.

घरच्यांनो, रुग्णापासून निदान लपवू नका; कुजबुज त्यांना ऐकू येतेच. ‘काही होत नाही’ म्हणण्याऐवजी ‘कशाची भीती वाटते?’ असे विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक हरपली असेल, कशातच मन रमत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. जगणे नकोसे झाल्याचे बोल कानी आले, तर एक दिवसही थांबू नका व रुग्णाला एकटे ठेवू नका. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे.

आजींचे उपचार अद्याप सुरू आहेत. अजूनही एखाद्या रात्री त्यांना जाग येते. आता त्या सुनेला हाक मारतात. दोघी ओटीवर बसून चहा घेतात. भीती तिथेच असते, पण ती आता एकटीने सोसावी लागत नाही.